आरव्हीत वॉशर आणि व्हेंटवाला ड्रायर: मशीनला चार स्टार, बसवणाऱ्याला दीड

आधीच सांगून टाकते, मशीन चांगलंय, पाचपैकी चार स्टार. पण ते बसवून द्यायला जो जागेवर येऊन काम करणारा टेक्निशियन आला होता त्याला दीड, आणि त्यातला अर्धा फक्त भिंतीतलं भोक नीट पाडलं म्हणून. नावं कुणाचीच लिहीत नाहीये. मशीनचं अशासाठी की या साइजची सगळी मशीन्स साधारण भावंडंच असतात, आणि टेक्निशियनचं अशासाठी की मला भांडण नकोय. तसंही मशीनबद्दल इथे कमीच वाचायला मिळेल, कारण आरव्हीत म्हणजे चाकांवरच्या घरात कपडे धुवायचे म्हणलं तर मशीन निवडणं हे सगळ्यात सोपं काम, खरी गंमत ड्रायरची हवा बाहेर सोडणाऱ्या त्या चार इंची भोकाची म्हणजे व्हेंटची, ड्रेनची आणि ब्रेकरची आहे.

आम्ही दोघं गेली दोन वर्षं फिफ्थ व्हीलमध्येच (ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायची मोठी घरगाडी) राहतोय, पूर्णवेळ. कॉइन लाँड्रीला इतकी कंटाळले होते की क्वार्टरचा, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांचा, खुळखुळाट ऐकला तरी डोकं उठायचं. पिशव्या ट्रकमध्ये कोंबा, जाऊन बघा तर दोन ड्रायर बंद आणि तिसऱ्यात कुणाच्यातरी कुत्र्याची गादी गरगर फिरतेय. आमच्या बेडरूमच्या कपाटात कंपनीनं दिलेलं 'वॉशर-ड्रायर प्रेप' होतं, म्हणजे गार-गरम पाण्याचे नळ, ड्रेनचा पाइप आणि एक प्लग, तर मला वाटलं झालं की मग, मशीन आणायचं, ढकलायचं आणि बटण दाबायचं. हसा आता.

पहिला वाद नवऱ्याशी. त्याला कॉम्बो हवं होतं, म्हणजे धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये, आणि तेही बिनव्हेंटचं, कारण भिंतीला भोक पाडायचं नाही. हेतू चांगला होता हो, पण बिनव्हेंटवालं मशीन कपड्यातली वाफ आतल्या आत थंड करून तिचं पाणी करतं आणि ते ड्रेनमध्ये सोडतं, त्याला वेळ लागतो, धुण्यापासून वाळेपर्यंत तीन-चार तास सहज, आणि कपडे बाहेर येतात ते गरम पण किंचित दमट. शिवाय ड्रम एकच, धुतो तेवढं सगळं त्यात वाळत नाही, म्हणजे अर्धाच लोड टाकायचा आणि तो वाळेपर्यंत दुसरा धुवायला टाकता येत नाही. दोन वेगळी मशीन्स एकावर एक रचली की खाली एक लोड धुतोय आणि वर आधीचा वाळतोय. व्हेंट असला की दमट हवा सरळ बाहेर. एवढ्याशा गाडीत कपड्यांतलं पाणी आत कुठेही राहिलं तरी खिडक्यांना घाम येतो आणि गादीखाली बुरशी धरते, हे आम्ही एका पावसाळी आठवड्यात दोरीवर कपडे वाळवून बघितलं होतं. तो दाखला दिल्यावर वाद संपला.

मग टेप घेऊन बसलो. ही कॉम्पॅक्ट मशीन्स साधारण २४ इंच रुंद आणि प्रत्येकी ३३-३४ इंच उंच, म्हणजे रचली की साडेपाच फुटांच्या वर जातात. उंची बसली, रुंदी बसली, खोली मात्र मी मशीनचीच मोजली आणि मागून निघणारा चार इंची पाइप विसरले! त्याला वळायला जागा लागते आणि ती नसेल तर मशीन कपाटाच्या बाहेर नाक काढून बसतं. आम्ही कपाटाची दारं काढूनच टाकली, पडदा लावला. गाडीच्या दारातून आत आणताना जाळीचं दारही काढावं लागलं, त्यातला एक स्क्रू अजून सापडलेला नाही.

वजनाचं कुणी बोलत नाही म्हणून बोलते. दोन्ही मिळून शंभर किलोच्या आसपास जातं आणि ते गाडीच्या स्टिकरवर लिहिलेल्या कार्गो कपॅसिटीतून, म्हणजे गाडीत किती वजनाचं सामान भरता येतं त्यातून, वजा होतं. फिफ्थ व्हीलमध्ये ते कपाट जर पुढच्या बेडरूममध्ये असेल तर यातलं बरंचसं वजन पिनवर म्हणजे तुमच्या ट्रकवर येतं, त्यामुळे ट्रकचा पेलोड, म्हणजे तो किती वजन पेलतो, ते पण तपासा. आम्ही वजनकाट्यावर जाऊन आलो आणि मग पुस्तकांची दोन खोकी आणि नवऱ्याचं डंबेल सेट दान केलं. तो अजून बोलून दाखवतो.

आता भोक. टेक्निशियनचा पहिला बेत काय, तर ड्रायरची हवा फ्लोअरखालच्या बंद पोकळीत सोडायची, म्हणजे बाहेरून काही दिसणार नाही, सोपं पडेल. मी म्हणलं अरे बाबा, त्या पोकळीत वायर आहेत, पाइप आहेत, इन्सुलेशन आहे, तिथे रोजची वाफ आणि लिंट (कपड्यांचे सुटलेले तंतू) जाऊन बसणार, म्हणजे एकाच जागी ओल पण आणि कापसासारखं पेटणारं सामान पण! हवा बाहेरच गेली पाहिजे, याला पर्याय नाही. मग कुरकुरत बाजूच्या भिंतीला भोक पाडायला तयार झाला. ते मात्र सुंदर पाडलं. आधी आतून बारीक ड्रिल मारून सेंटर बाहेर काढलं, आत ॲल्युमिनियमची फ्रेम किंवा वायर नाही ना ते बघितलं, बाहेर फायबरग्लासवर मास्किंग टेप लावला म्हणजे कडा फुटत नाहीत, मग होल-सॉ, आणि कव्हरच्या मागे ब्यूटाइल टेप आणि वरून सीलंट. एक थेंब पाणी आत आलेलं नाही. अर्धा स्टार इथला.

पुढचं ऐका. पहिल्या आठवड्यात चार टॉवेल वाळायला तीन तास! ड्रायर वरून इतका तापायचा की हात ठेवायची भीती. मला वाटलं मशीनच खराब आलं, परत करायच्या तयारीत होते, मग नवरा म्हणाला एकदा मागे तरी बघू. ओढलं पुढे. मागे चांदीच्या कागदासारखा तो फॉइलचा लवचिक पाइप, गरजेपेक्षा दुप्पट लांब, गुंडाळी करून कोंबलेला आणि मशीननं दाबून पार चपटा झालेला. जॉइंटला स्क्रू मारलेले, त्यांची टोकं आत, आणि प्रत्येक टोकाला लिंटची दाढी उगवलेली. वरून साधा कापडी डक्ट टेप, तो उष्णतेनं सुटून लोंबतोय. आणि बाहेरच्या कव्हरला आत जाळी, ती एका आठवड्यात अर्धी बुजलेली.

यातली एकही गोष्ट चालत नाही आणि ही काही माझी आवड-निवड नाही. पाइप कडक धातूचा आणि आतून गुळगुळीत हवा, जॉइंट ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपनं बंद करायचे, आत टोचेल असा स्क्रू नको, बाहेर जाळी नको, नुसती झडप. प्रत्येक काटकोनी वळण साधारण पाच फूट जास्तीच्या पाइपाएवढं अडवतं, आणि छोट्या ड्रायरचा पंखा छोटाच असतो, त्याला घरच्या मोठ्या ड्रायरएवढा दम नसतो. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशननं २००८ ते २०१० मधल्या आगींचा हिशोब काढला होता त्यात घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि सगळ्यात मोठं कारण काय, तर साफ न करणं. ते घरांचं झालं, इथे तर झोपायची गादी ड्रायरपासून हातभर लांब.

टेक्निशियनला फोन केला तर म्हणे सगळे असंच लावतात. त्यानंतर आम्हीच एक शनिवार घालवला. मशीनमागे चपट्या पेटीसारखा डक्ट मिळतो, त्याला पेरिस्कोप म्हणतात, तो लावला म्हणजे मशीन भिंतीला जवळजवळ टेकतं, पुढे कडक पाइप, एकच वळण, आणि झडपवालं कव्हर. तेच चार टॉवेल ऐंशी मिनिटांत. १२० व्होल्टच्या ड्रायरकडून यापेक्षा जास्त मागू नका.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, ड्रायर चालू असताना एक खिडकी थोडी उघडी ठेवायची. तो आतली हवा ओढून बाहेर फेकतो, मग तेवढी हवा कुठूनतरी आत यायला हवी ना, आणि गाडी घट्ट बंद असेल तर ती येते ती नको तिथून, ड्रेनमधून वास घेऊन, नाहीतर गॅसच्या उपकरणांकडून. आमच्याकडे आधी ड्रेनचा वास यायचा आणि आम्ही एकमेकांवर संशय घेत होतो.

वीज. ५० अँपच्या कनेक्शनला १२० व्होल्टचे दोन लेग म्हणजे दोन वेगळ्या लाइन असतात म्हणजे एकूण १२,००० वॉट, ३० अँपला एकच, ३,६०० वॉट, म्हणजे फरक वीस अँपचा नाही, तिपटीहून जास्तीचा आहे. आमची गाडी पन्नासची, तरी पहिल्याच दिवशी ब्रेकर पडला, कारण प्रेपमधला तो एकुलता एक प्लग २० अँपच्या एकाच सर्किटवर आणि आम्ही त्यावर दोन्ही मशीन्स लावली. ड्रायर एकटाच बारा-तेरा अँप खातो, वॉशर पाणी गरम करायला लागला की तो पण तेवढंच मागतो. ड्रायरला वेगळं सर्किट ओढून घेतलं, हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच. ३० अँपवर असाल तर ड्रायर लावताना एसी बंद आणि वॉटर हीटर गॅसवर, नाहीतर सारखं पेडेस्टलकडे (बाहेरच्या विजेच्या खांबाकडे) पळावं लागेल.

पाण्याचं थोडक्यात. एका धुण्याला अंदाजे दहा ते पंधरा गॅलन जातात, ग्रे टँक (सांडपाण्याची टाकी) चाळीसचा असेल तर तिसऱ्या लोडला आधी टँक बघा, भरलेला असेल तर फेस शॉवरमधून वर येतो (आला होता). एचई म्हणजे कमी फेसाचा साबण, तोही चमचाभर. प्रवासात ड्रेनच्या ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वळणातलं) पाणी हिंदकळून निघून जातं आणि वास सुटतो, तिथे आम्ही पाण्याशिवाय चालणारा व्हॉल्व्ह लावला, हेप्वो म्हणतात त्याला. नळी स्टीलच्या जाळीची घ्या, वॉशरखाली ट्रे ठेवा, आणि गोठवणाऱ्या थंडीत गाडी उभी करून जाणार असाल तर वॉशरमधून पण गुलाबी अँटीफ्रीझ फिरवावं लागतं, नुसते नळ रिकामे करून भागत नाही.

आता माझी चूक पण सांगते म्हणजे हिशोब सरळ. वॉशरच्या मागे ड्रम जखडून ठेवणारे शिपिंग बोल्ट असतात, ते काढल्याशिवाय चालवायचं नसतं. टेक्निशियन चाचणी न घेताच गेला हे खरं, पण मॅन्युअल माझ्या हातात होतं आणि मी ते वाचलं नाही. पहिला स्पिन सुरू झाला आणि अख्खी गाडी थडाथडा नाचायला लागली, मांडणीवरचे कप खाली, शेजारचे गृहस्थ बाहेर येऊन बघतायत. बोल्ट काढल्यावर आणि गाडीचे स्टॅबिलायझर (जमिनीला टेकायचे पाय) नीट टेकवल्यावर आता नुसती गुणगुण येते. ते बोल्ट डबीत जपून ठेवलेत, मशीन कधी हलवायचं झालं तर लागतील.

कापलेला एक स्टार कशाचा विचाराल तर लिंट फिल्टरचा. तो इतका आत बसवलाय की काढताना अर्धा लिंट परत आतच पडतो, आणि मी तो प्रत्येक लोडनंतर काढते. बाकी धुणं स्वच्छ, आवाज कमी, मोठी चादर मात्र एका वेळी एकच, डबल रजाई विसराच.

आणि जाळी नको म्हणाले खरं, पण मग कुंभारमाशा. मागच्या महिन्यात गाडी तीन आठवडे उभी होती तर झडपेच्या फटीतून जाऊन एकीनं पाइपात चिखलाचं घर बांधलं, चांगलं अंगठ्याएवढं. आता स्प्रिंगवालं घट्ट कव्हर मागवलंय, ते येईपर्यंत मी आधी बाहेर जाऊन झडप बोटानं उघडून टॉर्च मारते, मग आत येऊन बटण दाबते.