डाळिंब: सगळी फळं ठेवायची की विरळणी करायची?

भगवा जातीच्या डाळिंबाला सेटिंग, म्हणजे फळधारणा, भरपूर झाली की एकही फळ तोडवत नाही. सगळी ठेवली तर मजुरी वाचते, एकूण वजनही बहुधा जास्त भरतं. पण माल बारीक राहतो, फांद्या वाकतात आणि झाड पुढच्या बहराला दमलेलं असतं.

विरळणीत फळं लिंबाएवढी असतानाच जोडफळं, वेडीवाकडी, डागाळलेली काढायची. पूर्ण वाढलेल्या झाडावर साधारण ६० ते ८० ठेवतात. चिकटलेल्या फळांमधल्या फटीतून अळी शिरते, तोही ताप कमी होतो. दर आकारावर आणि रंगावर ठरतो, त्यामुळे माझं मत विरळणीलाच. फक्त तेल्या (जिवाणूमुळे येणारा, कात्रीवाटेही पसरणारा रोग) असलेल्या बागेत कात्री निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नका.