आउटपोस्ट की लॉज? ऑन्टॅरिओच्या उत्तरेला विमानानं गळ टाकायला जाण्याआधी

आपली चूल आपण पेटवायच्या केबिनवर, म्हणजे आउटपोस्टवर, राहा की जेवणखाण देणाऱ्या लॉजवर, मासा दोन्हीकडे तोच, हे आधीच सांगून टाकतो. टोरांटोच्या आसपासच्या आपल्या मंडळींची चर्चा दरवर्षी ‘कुठल्या तळ्यात मोठा लागतो’ इथं सुरू होते आणि तिथंच रुतते. नाकिना, सू लुकआउट, रेड लेक या गावांपलीकडे रस्ते विरळ होत संपतात आणि तळीच तळी लागतात. पाण्यावर उतरणारं विमान तुम्हाला त्यातल्या एखाद्या तळ्यावर सोडतं. बहुतेक वेळा ती बीव्हर असते, १९४७ साली पहिल्यांदा उडालेली, किंवा तिची धाकटी पण आकारानं मोठी बहीण ऑटर. खाली वॉलाय आणि नॉर्दर्न पाइक हे गोड्या पाण्यातले मासे, दोन्ही भरपूर. म्हणून निवड माशावरून करू नका. स्वयंपाक कोण करणार आणि पाच दिवस एकमेकांची तोंडं बघायला कोण तयार आहे, यावरून करा.

आउटपोस्ट म्हणजे एक केबिन, एक धक्का, दोन-तीन अॅल्युमिनियमच्या बोटी आणि बहुधा ९.९ अश्वशक्तीची इंजिनं. बऱ्याचदा अख्ख्या तळ्यावर तुमच्याखेरीज कोणी नसतं. शेगडी आणि फ्रिज प्रोपेनवर, दिवे सौर, संडास बाहेर, आणि रात्री लून पक्ष्याचं ते ओरडणं, जे पहिल्या रात्री कोणालाच झोपू देत नाही. स्लीपिंग बॅग आणि शिधा आपला. इथंच गंमत आणि इथंच भांडण. सामानाला माणशी वजनाची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी ८० ते १०० पौंडांच्या घरात, आणि धक्क्यावर खरोखर काटा असतो. आमच्या पहिल्या फेरीत एकानं बिअरच्या काचेच्या बाटल्या आणल्या आणि तांदूळ गाडीत राहिला. डाळ, तांदूळ, बेसन, कांदे, कोकम एवढं घ्या. बाकी तळं देतं. वॉलायला काटे कमी आणि चव सौम्य. सुरमईवर वाढलेल्या जिभेला आधी मिळमिळीत वाटतो, पण तिखट-मीठ चोळून रव्यात घोळवला की तक्रार राहत नाही. पाइकच्या पाठीत इंग्रजी वाय आकाराचे काटे असतात, ते काढायला आधी घरी शिका. माशाची घाण केबिनपासून लांब टाकायची, नाहीतर अस्वल येतं. ही कथा नाही, नियमच आहे.

लॉजमध्ये तिन्ही वेळचं जेवण, गरम पाण्याची अंघोळ, बोट चालवणारा गाईड. दर अर्थातच चढा, आणि गाईडची बक्षिसी बहुधा वेगळी. दरपत्रक बऱ्याचदा अमेरिकन डॉलरमध्ये असतं, कारण गिऱ्हाईक मुख्यतः सीमेपलीकडचं; आकडा पाहून खूश होण्याआधी चलन पाहा, मग त्यावर १३ टक्के कर धरा. लॉजच्या तळ्यावर दुसऱ्या बोटीही दिसतात. एकांत हवा म्हणून निघाला असाल तर हे खटकेल. पण कधी गळ न धरलेल्या माणसाला एक जाणता गाईड दोन दिवसांत जे शिकवतो, ते आउटपोस्टवर आम्हाला तीन फेऱ्यांत जमलं.

पैशांची फारच ओढाताण असेल तर विमानाचा नादच सोडा. सडबरी ते व्हाइट रिव्हर ही छोटी रेल्वे आठवड्यातून तीनदा जाते, सांगाल तिथं जंगलात थांबते आणि कनू, म्हणजे वल्ह्यांची होडीसुद्धा चढवून घेते. त्या मार्गालगतही केबिन आहेत. विमानाचा थरार नाही, पण खिसा शाबूत.

विमानाची एक अट आउटपोस्ट आणि लॉज दोन्हीकडे सारखी: वैमानिकाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. धुकं, खाली आलेले ढग, वणव्याचा धूर, की उड्डाण रद्द. एका वर्षी आम्ही परतीच्या सकाळी सातला बांधाबांध करून धक्क्यावर बसलो. विमान आलं दुसऱ्या दिवशी दुपारी. लॉजवर असा दिवस पत्ते खेळत जातो. आउटपोस्टवर उरलेल्या बेसनाचं पिठलं होतं म्हणून निभावलं. सुट्टी घेताना एक दिवस जास्तीची घ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही त्या हिशेबानं.

तारखांचं म्हणाल तर तिकडच्या बहुतेक भागांत वॉलायचा हंगाम मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मासा उथळ पाण्यात असतो, नवख्यालाही लागतो. पण तेव्हाच काळ्या माश्या कानामागून रक्त काढतात. मुलं बरोबर असतील तर मी ऑगस्टच सांगेन. मासा शोधावा लागतो, पण डास-माश्या कमी आणि काठावर ब्लूबेरी. मासेमारीच्या परवान्यात स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन (म्हणजे कमी मासे ठेवू देणारा) असे दोन प्रकार आहेत. तिथंच खाऊन यायचं असेल तर स्वस्तातला कॉन्झर्वेशन पुरतो. घरी आणायचा असेल तर प्रत्येक तुकड्यावर थोडी कातडी ठेवा, म्हणजे तपासणीत जात ओळखता येते.

तर, चार-सहा मित्र, त्यातल्या दोघांना बोटीचं इंजिन कळतं आणि एकाला स्वयंपाक: आउटपोस्ट, दुसरा विचार नको. विमानाचा खर्च वाटला जातो, म्हणून दोघांनीच जाणं मात्र महाग पडतं. बायको-मुलं किंवा पहिलीच वेळ: लॉज. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांनाही परदेशी पाहुण्यांचा वेगळा परवाना लागतो, पण त्याआधी गुडघ्यांची चौकशी करा. हलत्या धक्क्यावरून विमानाच्या फ्लोटवर, म्हणजे चाकांऐवजी असलेल्या तरंगत्या पायावर, पाय टाकून अरुंद शिडी चढायची असते, आणि रात्री काही झालं तर उजाडेपर्यंत विमान येत नाही. आमच्या बाबांना मी रेल्वेनंच नेलं. खिडकीतून तळी मोजत बसले. सत्तर तळी मोजून झाल्यावर नाद सोडला.