मेटाटार्सल पॅड: चवड्याच्या दुखण्यावर कितपत कामाचं?
चवड्यात खडा टोचल्यासारखं दुखत असेल तर मेटाटार्सल पॅड, म्हणजे बुटाच्या इनसोलवर (आतल्या तळावर) बसवायची छोटी गादी, उपयोगी पडते. ते थेंबाच्या आकाराचं, चिकटवायचं, फेल्टचं (दाबून केलेल्या जाड कापडाचं) घ्या. सुटं जेल पॅड घामाने सरकतं. बहुतेकांची चूक एकच: पॅड थेट दुखऱ्या जागेखाली लावतात, मग तिथला दाब उलट वाढतो. दुखऱ्या ठिपक्यावर लिपस्टिक लावा आणि मोजे न घालता बुटात उभे राहा. इनसोलवर उमटलेल्या डागाच्या साधारण ५ मिमी मागे, टाचेकडे, पॅडची रुंद कड यायला हवी. सुरुवात ३ मिमी जाडीने, दिवसाला तासभर. फेल्ट दबून चपटं झालं की बदलायचं, ही त्याची कटकट आहेच. बूट पुढे निमुळता असेल तर पॅडचे पैसे वायाच. तिसऱ्या-चौथ्या बोटांत मुंग्या येत असतील तर मॉर्टन न्यूरोमासाठी (बोटांच्या मधली नस जाड होण्याचा त्रास) तपासून घ्या. सूज किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टर, मग पॅड.