सेंद्रिय शेतीवर राबायला गेले आणि १,९७,१०० रुपये गमावले

आधी आकडे सांगते, कारण आकडे ऐकल्याशिवाय कुणी गांभीर्याने घेत नाही. नोंदणीचे २,३६० (२,००० आणि वर अठरा टक्के जीएसटी). राहण्या-जेवणाचे १३,५००. निघताना परत मिळणार होतं ते डिपॉझिट १०,०००. पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर शेती आखण्याचा, कोर्स २१,२४०, तोही जीएसटी धरून. आणि वस्तीतल्या मातीच्या घराचा तीस वर्षांचा हक्क म्हणून १,५०,०००. एकूण १,९७,१००. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

जागेचं नाव लिहू नका, असं वकिलांनी बजावलंय. कोकणातली आंबा-काजूची बाग, आत चार-पाच मातीची घरं, आणि 'शाश्वत जीवनशैलीची वस्ती' अशी पाटी. माझ्या वडिलांची साताऱ्याकडे जमीन पडीक आहे. नोकरी सोडून ती स्वतः करायची म्हणून मी शिकायला गेले होते. 'शहरातल्या लोकांना असलं खूळ सुचतं' म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

स्वयंसेवेचा रिवाज मला माहीत होता. इंग्लंडमध्ये १९७१ साली सुरू झालेली वूफची पद्धत जगभर चालते: तुम्ही दिवसाचे काही तास शेतात काम करा, शेतकरी जेवू घालतो, झोपायला जागा देतो, पैशांची देवाणघेवाण नाही. काही चांगल्या ठिकाणी जेवणाचा खर्च घेतात, त्यातही गैर काही नाही. पण राबायचंही तुम्ही, भाडंही तुम्हीच द्यायचं आणि वर डिपॉझिट ठेवायचं, असं जिथे असेल तिथून सरळ परत फिरा.

ती वस्ती चालवणारे 'दादा' बोलायला बसले की ऐकत राहावं असं वाटे. भिंतीवर जपानचे फुकुओका आणि गुजरातचे भास्कर सावे या नैसर्गिक शेतीवाल्यांचे फोटो. श्री. अ. दाभोलकरांनी शेतकऱ्यांना घेऊन उभ्या केलेल्या प्रयोग परिवाराबद्दल, दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं जगतं याबद्दल ते तासन्‌तास बोलायचे, आणि त्यातलं पाठ केलेलं काही वाटायचं नाही. स्वतःचं ताट स्वतः घासायचे. आम्ही मात्र पहाटेपासून काजू वेचत होतो, आंब्याच्या पेट्या भरत होतो आणि शनिवार-रविवारी होमस्टेच्या पाहुण्यांच्या खोल्या झाडत होतो. पर्माकल्चरचा प्रमाणित डिझाइन कोर्स साधारण ७२ तासांचा असतो. आम्हाला संध्याकाळी प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवले, ते झाले की भाकऱ्या थापायला लावलं.

आता ती पोत्याची गोष्ट, जिच्यावरून घरचे मला अजून बोलतात. काजूच्या बिया भरायला उलटी केलेली पोती दिली होती. एकाची शिवण उसवली होती आणि आतल्या बाजूला 'युरिया' छापलेलं स्पष्ट दिसत होतं. खालच्या शिवणीत पांढरे दाणे अडकले होते. मी दोन दाणे घामेजल्या तळहातावर घेतले. गार लागले, ओल्या हाताला युरिया लागतो तसे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तो गारवा सांगावा लागत नाही. मी विचारलं, तर दादा म्हणाले, "ताई, दुकानातून जुनी पोती आणतो आम्ही. नवी कुठून परवडणार?"

खेड्यात पोतं म्हटलं की युरियाचंच असतं. माझ्या माहेरी धान्य त्यातच भरतात, ओट्यावर पायपुसणं त्याचंच असतं. मग मी त्या माणसाला खोटं कशावरून ठरवायचं होतं? पण दाणे ताजे होते. पावसाळ्यातलं जुनं पोतं असतं तर ते केव्हाच विरघळले असते. हे मला त्या क्षणी कळत होतं, आणि घराचे दीड लाख तेव्हा अजून माझ्याच खात्यात होते. आजही ते आठवलं की डोकं भणभणतं.

दीड लाख पाठवताना क्यूआरवर वस्तीच्या ट्रस्टऐवजी कुठल्याशा एंटरप्रायझेसचं नाव आलं. "ट्रस्टचं खातं केवायसीत अडकलंय, ताई." आजकाल कुणाचं खातं केवायसीत अडकत नाही? तरी सांगते, नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, समोर प्रत्यक्ष संत बसलेला असला तरी.

मला मिळालेला कागद पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी केलेला होता. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नोटरीने तो होत नाही. सातबारा मोबाइलवर फुकट बघता येतो. मी नंतर पाहिला: जमीन मुंबईच्या एका कुटुंबाची, दादांचं नाव कुठेच नाही. तलाठ्याकडे गेल्यावर कळलं की बाग त्यांनी अकरा महिन्यांच्या कराराने घेतलेली आहे. जीएसटीचा क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो, माझ्या पावतीवर चौदाच होते. म्हणजे कराच्या नावाखाली घेतलेले पैसेही खिशात.

आणि मग पोलीस. तिथल्या ठाण्यात सांगितलं, "पैसे पुण्याच्या खात्यातून गेलेत, पुण्यात जा." पुण्यात सांगितलं, "घटना तिकडची, तिकडेच जा." अहो, हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने घ्यायचीच, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय आणि ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे म्हटल्यावर ठाणे अंमलदार हसले आणि म्हणाले, "मॅडम, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." बनावट पावती, खोटा ट्रस्ट, दुसऱ्याची जमीन, आणि हे दिवाणी? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. फसवलेला माणूस पैसे स्वतःच पाठवतो, यालाच तर फसवणूक म्हणतात! बँकेने समोरच्या बँकेकडे बोट दाखवलं. कृषी कार्यालयात असल्या वस्तीची नोंदच नव्हती, आणि पेटीवर 'सेंद्रिय' छापून आंबा विकला जातो त्याचं काय, यावर साहेब जेवायला निघून गेले. सगळीकडे अर्जाची पोच मागितली की चेहरे बदलतात. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

सेंद्रिय म्हणवणाऱ्याला पीजीएस किंवा एनपीओपी या सरकारी सेंद्रिय-प्रमाणन योजनांचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. चिडला तर समजून जा. आधी राहून गेलेल्यांचे नंबर मागा, आणि ते त्यांनी दिलेले नकोत, तुम्ही शोधलेले हवेत.

मी आता कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली आहे. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार. कोकणातल्या अशा वस्तीत ज्यांनी डिपॉझिट किंवा घराचे पैसे भरलेत आणि पावतीवर चौदा अंकी जीएसटी क्रमांक आहे, त्यांनी चॅट पुसू नयेत, यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि मला कळवावं. तक्रारदार पाच-सहा झाले की 'दिवाणी प्रकरण' म्हणून हाकलणं त्यांना जड जाईल, असं वकिलांचं म्हणणं आहे.