लाल रंगाचे आठ बुश आणि माझे 22,650 रुपये

सातारा आणि परिसरातील जुन्या गाड्यांच्या मालकांनी सावध व्हावे म्हणून हे लिहीत आहे, आणि लिहिताना लाज वाटते आहे हे आधीच सांगून टाकतो. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, नोकरीची बत्तीस वर्षे लेखापरीक्षणात, म्हणजे दुसऱ्यांच्या बिलांतील खोट शोधण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने मला रंग फासलेले रबर आयात माल म्हणून विकले.

गाडी 2004 सालची टोयोटा क्वालिस आहे. 2024 मध्ये 5,000 रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर भरून तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे, त्यामुळे "एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला केलात?" हा प्रश्न कृपया मला कोणी विचारू नये, घरात तो पुरेसा विचारून झाला आहे. गेल्या पावसाळ्यानंतर पुढच्या डाव्या बाजूने टकटक ऐकू येऊ लागली. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर आवाज नसे, एकच चाक खड्ड्यात गेले की हमखास येई, आणि यवतेश्वरच्या घाटात वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते आहे असेही जाणवत होते. ज्यांना माहीत आहे ते इथेच ओळखतील की दोष स्टॅबिलायझरच्या लिंकमध्ये होता. स्टॅबिलायझर म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, तो दोन चाके वरखाली वेगवेगळी हलली तरच पिळतो. त्याच्या दोन्ही टोकांना लिंकचा एकेक बोल्ट असतो आणि प्रत्येक बोल्टवर वाटीसारख्या वॉशरांमध्ये चार रबरी बुश, म्हणजे हादरे शोषणाऱ्या छोट्या गाद्या, बसवलेले असतात. वीस वर्षांनी ते रबर कडक होऊन तडकते आणि बोल्ट मोकळा खेळू लागतो. एवढे निदान मी स्वतःच केले होते, आणि ते अचूक होते.

घात तिथूनच झाला. आठ-दहा दिवस वाचन करून मी असे ठरवले की पुन्हा रबर घालण्यापेक्षा पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे बुश घालावेत. ते रबरापेक्षा कडक असतात, तेलाने लवकर खराब होत नाहीत आणि वळणावर गाडी कमी कलते. बदल्यात थोडे हादरे जास्त जाणवतात आणि ग्रीस नीट नसेल तर करकर होते. हे ज्ञान मनातच ठेवले असते तर बरे झाले असते. गॅरेजमध्ये पाऊल टाकताच मी म्हणालो, "मिस्त्री, पॉलियुरेथेनचे बुश मिळतील का?" त्याने तो शब्द बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण उत्तर देण्याआधी तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "मिळतील की काका. पुण्याहून मागवावं लागंल, इम्पोर्टेड हाय. लाल रंगाचं." शब्द मी पुरवला, रंग त्याने पुरवला.

दोन दिवसांनी त्याने हिशेब सांगितला तो असा: लाल बुश आठ, प्रत्येकी 850 रुपयांप्रमाणे 6,800, लिंकचे दोन बोल्ट नळीसह 2,800, दांडा गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे दोन डी बुश 1,900, पुढचे दोन शॉकर 5,300, मजुरी 2,400. एकूण 19,200, त्यावर अठरा टक्के कर 3,456, मिळून 22,656. वरचे सहा रुपये त्याने मोठ्या मनाने सोडले. शॉकरची तक्रार मी केलीच नव्हती, पण "लिंक नवी आन् शॉकर जुना, मग उपेग काय?" हे त्याचे बोलणे मला त्या वेळी तर्कशुद्ध वाटले. 10,000 रुपये मी मोबाइलवरून आगाऊ दिले होते. उरलेले 12,650 त्याने रोख मागितले, कारण म्हणे त्या दिवशी खात्याची मर्यादा संपली होती. पैसे देणाऱ्याची मर्यादा संपल्याचे ऐकले होते. घेणाऱ्याची कशी संपते, हे मी विचारायला हवे होते.

आता त्या क्षणाविषयी, जो गेले चार महिने मला झोपू देत नाही. गाडी जॅकवर होती. मी वाकून डाव्या बाजूचा बुश अंगठ्याने दाबून पाहिला आणि अंगठा लाल झाला. मी तो मिस्त्रीला दाखवलाही. तो शांतपणे म्हणाला, "ग्रीसचा रंग हाय काका, इम्पोर्टेड ग्रीस लालच येतंय." काही ग्रीस लाल असते हे खरे आहे, आणि मी मूर्ख नव्हतो एवढे म्हणण्यासाठी मला हाच आधार उरला आहे. परंतु ग्रीस बोटांत घसरते. हे चिकटत होते आणि पाहता पाहता वाळत होते. शिवाय पॉलियुरेथेनला लावायचे ग्रीस सिलिकॉनचे असते, ते सहसा पांढरट किंवा पारदर्शक असते, हे मी त्याच आठवड्यात वाचले होते. वाचलेले सगळे त्या क्षणी डोक्यात होते आणि तरीही मी अंगठा रुमालाला पुसला आणि चहा प्यायला गेलो. जुने भाग मागितले तेव्हा पिशवीत चारच बुश निघाले. आठ बदलले तर जुने आठ निघायला हवेत. ज्या माणसाने एका व्हाउचरसाठी लोकांना तीन-तीन खेटे घालायला लावले, त्याने "बाकीचं भंगारवाल्यानं नेलं" हे उत्तर मान्य केले.

रुमालावरचा डाग तीन धुण्यांनंतरही गेला नाही. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, हा ऑइलपेंट आहे." त्या वेळी मी तिच्यावरच चिडलो.

एकोणिसाव्या दिवशी टकटक परत आली. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यानंतरच्या वळणावर गाडी अशी काही कलली की मागे बसलेला नातू आईला बिलगला, आणि ज्यांना ते वळण ठाऊक आहे त्यांना माझी अवस्था सांगायला नको. साताऱ्याला परतल्यावर गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने काही न बोलता थिनरमध्ये भिजवलेला बोळा बुशवर फिरवला. बोळा लाल झाला आणि बुश काळा. नंतर त्याने एक बुश ब्लेडने मधोमध कापून माझ्या हातावर ठेवला. पॉलियुरेथेनचा रंग आतपर्यंत एकसारखा असतो. इथे वरचा पापुद्रा लाल आणि आत साधे काळे रबर होते. उजव्या बाजूचे चारही बुश तर माझेच जुने, धुऊन रंगवलेले होते. नट एक चाक लटकत असताना इतका आवळला होता की डावीकडचे नवे रबरही फुगून वॉशरबाहेर आले होते. शॉकरही माझेच होते. काळ्या रंगाखाली जुनी माती तशीच होती. या मिस्त्रीने रबराचे आठ बुश 560, डी बुश 340 आणि मजुरी 600 अशा 1,500 रुपयांत काम केले, दोन्ही चाके जमिनीवर टेकल्यावरच नट शेवटचा आवळला, आणि तेव्हापासून आवाज बंद आहे. लिंकचा बुश कोणी लाल, पिवळा किंवा निळा म्हणून विकत असेल तर पैसे देण्याआधी एक कापून दाखवायला सांगा. जो नकार देईल त्याच्याकडून घेऊ नका.

त्या गॅरेजची पावती नंतर नीट पाहिली. कर घेतला होता आणि जीएसटीचा नोंदणी क्रमांकही छापला होता, महाराष्ट्राचा म्हणून 27 ने सुरू होणारा. तो पंधरा अक्षरांचा असायला हवा. मी मोजली, चौदा होती. तुम्ही पैसे देण्याआधी मोजा. रोख तर मुळीच देऊ नका, कारण माझ्या 12,650 रुपयांचा आज कुठेही पुरावा नाही आणि पावतीवर गॅरेजवाल्याची सहीसुद्धा नाही.

पोलीस चौकीत पहिल्या दिवशी मला विचारण्यात आले की बुश म्हणजे काय. मी कापलेला बुश टेबलावर ठेवला तेव्हा "हे इथे ठेवू नका, डाग पडतील" असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्या दिवशी ही बाब दिवाणी स्वरूपाची आहे असे ऐकवले. मी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 चा उल्लेख केला, तेव्हा हवालदार हसून म्हणाले, "म्हणजे आपलं चारशेवीसच ना?" कलमाचा आकडा बदलला, उत्तर मात्र तेच राहिले. चौथ्या फेरीत अर्ज घेतला, पण पोच देण्यासाठी शिक्का सापडत नव्हता. वाहनांशी संबंधित दुसऱ्या एका कार्यालयात गॅरेज त्यांच्या अखत्यारीत येत नाही असे कळले, आणि ज्यांच्या अखत्यारीत येते त्यांचे नाव विचारल्यावर खिडकी बंद झाली, कारण जेवणाची सुट्टी होती. घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. करासंबंधीच्या तक्रारीसाठी कर कार्यालयाने विक्रेत्याचा पूर्ण नोंदणी क्रमांक मागितला. तो अपूर्ण आहे हीच माझी तक्रार आहे, असे मी तीन वेळा सांगितले.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या वकिलांना विचारले ते म्हणाले की पुरावा 10,000 रुपयांचाच आहे आणि बुश रबराचा आहे याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागू शकतो. म्हणजे जे सत्य ब्लेडने एका मिनिटात दिसले ते सिद्ध करायला बुशच्या किमतीच्या कित्येक पट खर्च. तरीही कागदपत्रे जमवतो आहे, आणि रुमाल आता पुन्हा न धुता वेगळा ठेवला आहे.

चौकीतून परवा फोन आला. मंगळवारी अकराला बोलावले आहे, आणि येताना तो कापलेला बुश सोबत आणायला सांगितले आहे.