कॅम्पर कुठून गळतो? पाण्याचा पाइप, ब्लोअर, ओलाव्याचा मीटर की थर्मल कॅमेरा

आमच्या कॅम्परमध्ये, म्हणजे आत झोपायची-चहापाण्याची सोय असलेल्या गाडीत, पुढच्या डाव्या कोपऱ्यात, झोपायच्या फळीच्या उशाशी पाणी टपकायचं. म्हणजे पुढची खिडकीच गळतेय, असं धरून मी दोन रविवार तिला सिलिकॉन फासण्यात घालवले. पुढच्या पावसात गादी पुन्हा भिजली. पाणी शिरत होतं भलतीकडूनच: मागच्या बाजूला, छताच्या कडेच्या लाल दिव्याच्या एका स्क्रूतून. टपकायच्या जागेपासून तब्बल ९ फुटांवर! वैतरणेकडच्या मुक्कामात कॅम्पर उतारावर, नाक खाली करून उभा होता. पाणी पत्र्याखालच्या चौकोनी पाइपवरून घरंगळत पुढे गेलं आणि प्लायवुडचा सांधा सापडला तिथे खाली उतरलं.

थोडक्यात, आत ओल दिसते ती पाण्याची बाहेर पडायची वाट. तुम्हाला हवी असते शिरायची. ती शोधायचे चार मार्ग मी वापरून पाहिले. त्यातला कोणता कधी धरावा, ते सांगतो.

त्याआधी, हे पावसाचंच पाणी आहे ना, तेवढं बघून घ्या. टाकी भरा, पंप चालू करा, सगळे नळ बंद ठेवा. कोणी नळ न उघडता पंप मध्येच घुर्र करून थांबत असेल, तर गळती नळाच्या लाइनमध्ये आहे. छतावर चढू नका. पंप गप्प, पण सिंकखालची फळी ओली, तर सांडपाण्याचा पाइप बघा. छतावर एसी असेल तर त्याच्या पाण्याची वाट तुंबलीय का, तेही पाहा. आणि नाशिकच्या थंडीत, खिडक्या घट्ट लावून चौघं आत झोपलात, वर गॅसवर चहा केलात, तर सकाळी काचा आणि पत्रा घामेजणारच. त्याला सीलंट (सांधे बुजवायचा चिकट लेप) नाही, खिडकी बोटभर उघडी ठेवणं हा उपाय.

पाइपने पाणी मारणं हा सगळ्यांना सुचणारा मार्ग. खर्च नाही, आणि पाऊस जे करतो तेच आपण करतो. पण बहुतेक जण वरून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. छतावर पाणी सोडलं की ते खिडकी, दरवाजा, दिवे सगळ्यांवरून ओघळतं. मग आत थेंब आला तरी कोणाचा, ते कळत नाही. सुरुवात खालून करा: आधी चाकांवरची कमान, मग दरवाजा, खिडक्या, मग भिंत आणि छताचा सांधा, शेवटी छतावरचा व्हेंट, म्हणजे हवेचा झरोका. प्रत्येक जागेला किमान १० मिनिटं. पाणी नुसतं वाहू द्या, बोट लावून फवारा मारू नका. गाडी धुवायचं प्रेशर मशीन तर नकोच, ते चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतं आणि नसलेली गळती दाखवतं. आत टॉर्च घेऊन दुसरा माणूस हवा. माझे मेहुणे आत बसले होते आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, "दाजी, चहा आत पाठवताय का?"

या मार्गाच्या दोन अडचणी आहेत. पहिली, कपाटं आणि अस्तरामागे मुरलेलं पाणी कधीकधी तासांनी दिसतं, तोवर तुम्ही तीन जागा पुढे गेलेले असता. दुसरी, काही गळती उभ्या गाडीत होतच नाही. कसारा घाटात ओल्या रस्त्यावर टायर खालून पाणी उडवतात, समोरून वारा रेटतो, आणि ते फरशीच्या सांध्यातून चढतं. अंगणात कितीही पाइप धरा, ते सापडायचं नाही. शिवाय मे महिन्यात इतकं पाणी ओतायला सोसायटीत परवानगी कोण देणार, हा नाशिककरांचा वेगळा प्रश्न.

ब्लोअरचा मार्ग याच्या बरोबर उलट चालतो. आतून हवा भरायची, बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं, आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तीच युक्ती. तयारीला दोन तास लागतात. कारण कॅम्परला मुद्दाम ठेवलेली भोकं भरपूर: फ्रिजच्या जाळ्या, छताचा व्हेंट, वायरींच्या वाटा, सिंकचं ड्रेन. सगळ्यांवर प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावायची. गॅसची टाकी आधी बंद करायची. मग एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरचं तोंड आत द्यायचं. घरातला धूळ उडवायचा ब्लोअर पुरतो.

हवा किती भरायची, इथे मात्र सांभाळून. जास्त दाबाने छताचं अस्तर सुटू शकतं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवा, त्यात थोडं पाणी भरा, एक टोक आत आणि एक बाहेर ठेवा. दोन्हीकडच्या पातळीत २ ते ३ सेंटिमीटर फरक पडला की बस. फरक वाढला तर एखादी पट्टी थोडी सोडा.

त्या लाल दिव्यापाशी मी फवारलं तेव्हा आधी काहीच झालं नाही. मग स्क्रूच्या डोक्याशी बारीक फेस आला आणि बघता बघता बोराएवढा फुगा झाला. स्क्रू काढला तर त्याचे आटे गंजून तांबडे झालेले, आणि भोकातलं प्लायवुड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं मऊ. ज्याने बॉडी बांधली त्याने स्क्रूखाली वॉशर घातला होता, सीलंट नाही.

ब्लोअरही चुकतो. आतलं अस्तर पूर्ण चिकटवलेलं असेल तर हवा बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचतच नाही, आणि सांधा फुटलेला असूनही फेस येत नाही. वारा सुटला किंवा ऊन चढलं की फेस वाळतो, म्हणून हे काम सकाळी लवकर.

ओलाव्याचा पिनवाला मीटर, म्हणजे पिना लाकडात टोचून ओल टक्क्यांत सांगणारा, भोक दाखवत नाही, पण माग दाखवतो. मी भिंतीवर हात-हात अंतरावर कागदी टेपचे तुकडे चिकटवून पेन्सिलने आकडे लिहिले. कोरड्या कपाटात १२, गळक्या कोपऱ्यात २८, आणि छताच्या कडेने मागे जाताना २४, २२. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला की खिडकीचा काही संबंध नाही. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा टिकून राहिला तर कुजायची भीती धरावी. पावसाळ्यात सगळंच जरा वर दाखवतं, म्हणून आपल्याच कॅम्परमधल्या कोरड्या जागेशी तुलना करा. बिनपिनांचा मीटर घेऊ नका, प्लायमागे लोखंडी पाइप आला की तोही ओला दाखवतो.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. तो पाणी नाही, तापमान बघतो. ओली जागा वाळताना थंड होते म्हणून ती वेगळी दिसते. पण भर पावसात हवाच दमट, वाळणं मंद, फरक जवळजवळ दिसत नाही. म्हणजे आपल्याला गरज असते नेमका तेव्हाच तो रुसतो. ओळखीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याकडे असेल तर एका संध्याकाळी मागून आणा. विकत घेऊ नका.

मग कुठून सुरू करावं? जुना कॅम्पर घ्यायला निघाला असाल तर फक्त मीटर खिशात टाका. विकणारा तुम्हाला पाणी मारू देणार नाही, पण कपाटात मीटर टेकवायला कोणी नाही म्हणत नाही. स्वतःचा असेल, गळती एकाच जागी आणि दर पावसात हमखास होत असेल, तर पाइप आणि एक मदतनीस पुरे. कधी गळतो कधी नाही, चालतानाच गळतो, किंवा दोनदा सीलंट लावूनही गळतो, अशा वेळी सरळ ब्लोअर. मला एकच निवडायला सांगितलं तर मी ब्लोअरच निवडेन, दोन तासांची चिकटाचिकटी धरूनही.

हे सगळं मृग लागायच्या आत करा. नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याच्या बातम्या सुरू झाल्या की सीलंट धरण्याइतका कोरडा पत्रा आठवडा-आठवडा मिळत नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, त्यावर नवं चिकटत नाही. दिवे आणि खिडक्यांच्या चौकटीखाली ब्युटाइलची (चिकट रबरी) पट्टी घाला. त्याच दिवशी ब्लोअर लावून तोच स्क्रू पुन्हा तपासा. टेपवरचे आकडे मात्र लगेच उतरत नाहीत; आमचा कोपरा २८ वरून १४ वर यायला तीन आठवडे लागले. तोवर तिथली आतल्या अस्तराची पट्टी उघडीच ठेवली होती.