ऑस्कर वाइल्ड यांच्या वचनांचा संग्रह: छपाई उत्तम, संपादन अपुरे
कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरील एका छोट्या दुकानातून घेतलेल्या, आयरिश नाटककार वाइल्ड यांच्या वचनांच्या या संग्रहाची छपाई आणि बांधणी उत्तम आहे. संपादनात मात्र एक गंभीर उणीव आहे. नाटकातील वाक्य कोणत्या पात्राच्या तोंडी आहे हे कुठेही दिलेले नसल्यामुळे, ज्या दांभिक उमरावाची लेखकाने खिल्ली उडवली, त्याचेच मत वाचक लेखकाचे मानून बसतो. कला, नीती आणि समाज यांविषयीच्या विरोधाभासी विधानांना संदर्भ हवाच. १८९५ मध्ये लंडनमध्ये वाइल्ड यांची दोन नाटके रंगभूमीवर होती; त्यांना अटक होताच जाहिरातींतून त्यांचे नाव वगळले गेले, प्रयोग मात्र काही काळ चालूच राहिले. ही हकीकत प्रस्तावनेत यायला हवी होती. कलावंताला नाकारणाऱ्या समाजानेच त्याची कला पाहावी, ही विसंगती कोल्हापूरकरांना तर सहज उमगेल, कारण १९२० मध्ये कोल्हापूरचे चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’ या मूकपटामध्ये स्त्रियांकडूनच स्त्रीभूमिका करवून घेतल्या, तेव्हा स्त्रीने पडद्यावर येणे अशोभनीय मानणारा समाजच प्रेक्षक म्हणूनही समोर होता. कलाविषयक वचनांचा विभाग मला सर्वांत मोलाचा वाटला. विवाहावरील पानांत पुनरुक्ती फार आहे. महाविद्यालयीन वाचकांनी मूळ नाटके शेजारी ठेवूनच हा संग्रह वाचावा.